घडवलेले की विकत घेतलेले? होळकरांचा संघ, बेसबॉलचा ड्राफ्ट आणि आपली मुलं

पोस्ट मोठी आहे, रविवारी सकाळी चहा घेऊन वाचा.

मागच्या महिन्यात आमच्या अकरा वर्षांच्या चिरंजीवांच्या ट्रॅव्हल बेसबॉल टीममध्ये बाहेरगावची तीन मुलं आली. टीमचं नाव घेत नाही, ते महत्त्वाचं नाही. तिन्ही मुलं छान खेळतात. आमचा मुलगा दोन वर्षं सेकंड बेसवर उभा राहायचा, आता बाकावर बसतो. गाडीत त्याने विचारलं, "बाबा, जिंकायचं असेल तर विकत आणलेलेच लागतात का?" एडिसनच्या रस्त्यावर लाल सिग्नलला थांबलेल्या माणसाला याचं पटकन उत्तर सुचत नाही. म्हणून घरी येऊन थोडा इतिहास चाळला. त्यात आपल्या मराठी संस्थानिकांची एक गोष्ट सापडली, तिथूनच सुरुवात करतो.

इंदूरचे यशवंतराव होळकर हे क्रिकेटचे मोठे आश्रयदाते. नागपूरचे सी. के. नायडू १९२३ पासून होळकरांच्या फौजेत कॅप्टन होते. पुढे १९३२ साली भारताच्या पहिल्या कसोटीचे कप्तानही तेच झाले. मुश्ताक अली इंदूरचेच. बाकी चांगला खेळाडू दिसला की त्याला नोकरी द्यायची आणि संघात घ्यायचं, अशी संस्थानांची पद्धत. बडोद्याच्या गायकवाडांचंही तेच. सांगलीचे विजय हजारे त्यांच्या संघातून खेळले. महाराष्ट्राकडून नाबाद ४४३ धावा करणारे भाऊसाहेब निंबाळकर पुढे होळकर संघाकडूनही खेळले. आजच्या भाषेत हे सगळे फ्री एजंट.

आणि संघ जबरदस्त झाला हो! १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत होळकर संघ दहा वेळा रणजीच्या अंतिम सामन्यात पोचला आणि चार वेळा जिंकला. १९४५ सालच्या अंतिम सामन्यात तर त्यांच्याकडे इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होता. युद्धामुळे तो महूच्या छावणीत होता. त्याने ब्रेबॉर्नवर नाबाद २४९ धावा केल्या. तरीही मुंबई ३७४ धावांनी जिंकली, कारण मुंबईने दुसऱ्या डावात ७६४ धावा केल्या आणि त्यात एकट्या विजय मर्चंट यांच्या २७८ होत्या.

पुढे संस्थानं विलीन झाली, पैशाचा झरा आटला. १९५५ नंतर होळकर हे नाव रणजीच्या तक्त्यातून गेलं. मुंबईने मात्र १९५८-५९ पासून ओळीने पंधरा वेळा रणजी जिंकली. कारण मुंबईकडे राजा नव्हता, शिडी होती. शाळेसाठी जाइल्स आणि हॅरिस शील्ड, पावसाळ्यात चिखलात कांगा लीग, मग ऑफिसांची टाइम्स शील्ड. एक खेळाडू निवृत्त झाला की खालच्या पायरीवर दुसरा उभाच असायचा.

आता इकडचं बघू. अमेरिकेत १९६५ पर्यंत शाळा-कॉलेजातल्या चांगल्या पोरांना ज्याच्याकडे पैसा तो संघ उचलून न्यायचा. ते थांबवायला त्या वर्षी ड्राफ्ट आला: मागच्या हंगामात जो तळाला, त्याने आधी निवडायचं. थोडक्यात, गरिबालाही शिडी मिळावी. उलट बाजूला मोठ्या खेळाडूंच्या करारात एक जुनं कलम होतं. करार संपला तरी खेळाडूवर हक्क संघाचाच. सेंट लुईसच्या कर्ट फ्लडला १९६९ मध्ये न विचारता फिलाडेल्फियाला पाठवलं, तर तो कोर्टात गेला. १९७२ साली सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ३ मतांनी हरला आणि त्याची कारकीर्द संपली. पण तीन वर्षांनी, २३ डिसेंबर १९७५ रोजी, लवादाने मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोघांना मोकळं केलं. तिथून फ्री एजन्सी सुरू झाली.

हिशोब असा आहे. ड्राफ्टमधून आलेला खेळाडू मोठ्या लीगमध्ये साधारण सहा वर्षं संघाकडे बांधलेला असतो. पहिली तीन वर्षं किमान पगाराच्या आसपास (२०२५ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलर), पुढची तीन लवादाच्या दराने. फ्री एजंट होतो तेव्हा तो बहुतेक वेळा तिशीजवळ पोचलेला असतो. म्हणजे ड्राफ्टमध्ये संघ पुढच्या खेळाची आशा स्वस्तात घेतो, आणि फ्री एजंटला बऱ्याचदा झालेल्या खेळाचे पैसे देतो. यातली गोम अशी की ड्राफ्टमध्ये निवडलेली बहुसंख्य मुलं मोठ्या लीगपर्यंत पोचतच नाहीत. स्वस्त आहे, पण लॉटरी आहे.

दोन उदाहरणं सांगतो. आल्बर्ट पुहोल्सला सेंट लुईसने १९९९ मध्ये तेराव्या फेरीत उचललं, म्हणजे चारशे मुलं त्याच्या आधी निवडली गेली होती. त्याने त्या संघासोबत दोन वर्ल्ड सिरीज जिंकल्या. मग २०११ च्या डिसेंबरमध्ये एंजल्सने त्याला दहा वर्षांसाठी २४ कोटी डॉलर दिले. तेव्हा तो बत्तिशीला टेकला होता. त्या करारात एंजल्सने प्लेऑफचा एकही सामना जिंकला नाही.

दुसरं उदाहरण आपल्या न्यू जर्सीचं. २००८ च्या शेवटी यांकीजने मार्क टेशेराला आठ वर्षांसाठी १८ कोटींना घेतलं. नियमाप्रमाणे त्याच्या बदल्यात यांकीजची पहिल्या फेरीची निवड एंजल्सकडे गेली, पंचविसावी. त्या जागेवर एंजल्सने दक्षिण जर्सीतल्या मिलव्हिल गावचा एक शाळकरी पोरगा उचलला: माइक ट्राउट. पुढे तो तीन वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मग यांकीज मूर्ख ठरले का? तसंही नाही, कारण त्याच २००९ साली टेशेराला घेऊन त्यांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. आणि ट्राउट असूनही एंजल्सच्या हाती काही लागलं नाही. घडवलेला एक हिरा पुरत नाही, आजूबाजूची शिडी लागते. आणि विकत घेतलेला कामाला येतो तो कधी? घर आधीच उभं असेल आणि फक्त एक खांब कमी असेल, तेव्हा.

मुंबईनेही हेच केलं, फक्त वेगळ्या नावाने. ऑफिसांनी नोकऱ्या दिल्या म्हणून पोरं खेळू शकली. गावसकर निरलॉनमध्ये, वेंगसरकर टाटांकडे. आणि होळकरांच्या इंदूरचा वारसा सांगणाऱ्या मध्य प्रदेशने २०२२ मध्ये पहिल्यांदा रणजी जिंकली ती कोणाला हरवून? मुंबईला! प्रशिक्षक होते मुंबईतच घडलेले चंद्रकांत पंडित. खेळाडू घरचे, गुरू बाहेरून आणलेला.

आता आपल्याबद्दल एक गोष्ट, राग मानू नका. आपल्यापैकी बरेच जण स्वतः बाहेरून आणलेले खेळाडूच आहोत. पुण्या-मुंबईच्या सरकारी कॉलेजांनी कमी फीमध्ये घडवलं, आणि आपलं उमेदीचं वय इथल्या कंपन्यांनी घेतलं. आणि व्हिसावर असताना आपण फ्री एजंट तरी कुठे होतो? नोकरी बदलायची तर नव्या कंपनीने अर्ज करायचा, नोकरी गेली तर दिवस मोजायचे. कर्ट फ्लडची तडफड आपल्याला समजायला हवी. म्हणून "बाहेरून आलेली पोरं" असं तोंडात आलं की मी जरा थांबतो. त्या तीन मुलांच्या आईबापांनीही शनिवारी पहाटे उठून गाडी काढलेली असते.

तर चिरंजीवांना मी काय सांगितलं? "विकत आणलेले लागतात, पण फक्त त्यांच्यावर चालत नाही. होळकर संघ दहा वेळा फायनलला गेला आणि पैसा थांबल्यावर संपला. तू शिडीवर आहेस. बाकावर बसून त्या मुलाचा डबल प्ले नीट बघ." त्याने विचारलं, "आणि पुढच्या वर्षीही बाकावरच असलो तर?" म्हटलं, मग तू फ्री एजंट. गावाच्या लीगमध्ये परत जाऊ, तिथे रोज खेळायला मिळेल. अकरा वर्षांच्या पोराला ट्रॉफीपेक्षा मैदानावरचे डाव जास्त लागतात, असं माझं मत.

पुढच्या उन्हाळ्यात त्याला ब्रिजवॉटरला सॉमरसेट पेट्रियट्सचा सामना दाखवायला नेणार आहे. यांकीजची शिडी तिथे अर्ध्या तासावर दिसते. कोणाला मुलांना घेऊन यायचं असेल तर खाली लिहा. आणि तुमच्या घरी हा बाकाचा प्रश्न आला असेल, क्रिकेट असो, गाणं असो की गणित, तर तुम्ही काय केलंत तेही सांगा. मला अजून शिकायचंय.