पासष्ट वर्षांची ओळख : फेरो बेटांचा गोवर आणि टी-पेशी

गोवर एकदा येऊन गेला की पुन्हा येत नाही, हे आपल्या आज्या-पणज्यांना पक्के ठाऊक होते. पण येत नाही म्हणजे किती वर्षे येत नाही? दहा वर्षे, वीस वर्षे, की जन्मभर? आणि ही सुटका टिकायची तर मधूनमधून त्या रोगाशी गाठ पडत राहावी लागते का? जिथे दर दोन-तीन वर्षांनी गोवराची साथ येते, तिथे या प्रश्नाचे उत्तर मिळणे कठीण. कारण तिथला प्रत्येक माणूस नकळत पुन्हापुन्हा विषाणूच्या सहवासात येत असतो. उत्तरासाठी अशी वस्ती हवी, जिथे गोवर एकदा आला आणि मग कित्येक वर्षे फिरकलाच नाही.

अशी वस्ती उत्तर अटलांटिकमध्ये होती. फेरो बेटे डेन्मार्कच्या राज्यातली, स्कॉटलंड आणि आइसलंड यांच्या मधोमध. तिथे 1781 मध्ये गोवर येऊन गेला होता. त्यानंतर 65 वर्षे एकही रुग्ण नाही. मार्च 1846 मध्ये कोपनहेगनहून एक सुतार तोर्सहाव्नच्या बंदरात उतरला. निघण्यापूर्वी तो गोवराच्या रुग्णांना भेटून आला होता. एप्रिलच्या सुरुवातीला त्याच्या अंगावर पुरळ उठले आणि पुढच्या काही महिन्यांत बेटांवरच्या 7,782 लोकांपैकी 6,000 हून अधिक आजारी पडले. डॅनिश सरकारने दोन तरुण डॉक्टर पाठवले. त्यांतला एक पेटर लुडविग पानुम, वय वर्षे 25, नुकताच पदवी घेऊन बाहेर पडलेला.

पानुमचा अहवाल 1847 मध्ये प्रसिद्ध झाला. जंतूंची कल्पनाही रुजली नव्हती अशा काळात तो गावोगाव फिरला आणि तारखा विचारत राहिला. च्योर्नुविक नावाच्या एकाकी गावातले दहा पुरुष 4 जूनला होडी घेऊन वेस्टमाना इथे देवमाशांच्या शिकारीला गेले होते. (त्या शिकारीची वर्णने माझ्यासारख्या जैनाला वाचवत नाहीत, पण तारखा पक्क्या आहेत.) 18 जूनला त्या दहाही जणांच्या अंगावर पुरळ उठले. संसर्गापासून पुरळ उठेपर्यंत सुमारे चौदा दिवस, हा आजही शिकवला जाणारा आकडा अशा नोंदींतून आला.

मला त्याहून मोलाची वाटते ती म्हाताऱ्यांची नोंद. 1781 मध्ये लहानपणी गोवर झालेले 98 वृद्ध त्याला भेटले. घरोघर रुग्ण असताना त्यांच्यातल्या एकालाही गोवर झाला नाही. उलट, 1781 च्या साथीतून सुटलेले वृद्ध आता त्याच गोवराने अंथरुणाला खिळले. म्हणजे वयाने संरक्षण दिले नव्हते, बेटांच्या थंड हवेनेही नाही आणि काटक प्रकृतीनेही नाही. या दोन गटांत फरक एकच होता. एका गटाची गोवराशी जुनी ओळख होती, दुसऱ्याची नव्हती.

ही ओळख शरीरात राहते कुठे? 1890 मध्ये बेहरिंग आणि किटासाटो यांनी रक्तद्रवातल्या प्रतिविषाचा शोध लावल्यानंतर बराच काळ सर्वांची नजर रक्तातल्या प्रतिपिंडांवर होती. 1952 मध्ये अमेरिकेत ऑग्डेन ब्रुटन यांनी एका आठ वर्षांच्या मुलाचे वर्णन केले. त्याला न्यूमोनिया वारंवार होई आणि त्याच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडांचा अंश, जवळजवळ नव्हताच. अशी आणखी मुले सापडत गेली, तेव्हा एक विलक्षण गोष्ट लक्षात आली. जिवाणूंपुढे ही मुले हतबल होती. पण गोवर मात्र त्यांना चारचौघांसारखा होई, बरा होई, आणि पुन्हा होत नसे. प्रतिपिंडे महत्त्वाची खरीच, विषाणूला पेशीत शिरण्याआधी तीच अडवतात. पण गोवराची ओळख ठेवणारे आणखी कोणीतरी शरीरात होते.

ते कोण, हे 1961 मध्ये कळू लागले. झाक मिलर यांनी लंडनमध्ये नवजात उंदरांची थायमस ग्रंथी काढून पाहिली. छातीच्या हाडामागची ही ग्रंथी तोवर निरुपयोगी मानली जाई. ती काढलेल्या उंदरांची प्रतिकारशक्ती मात्र ढासळली. तिथे तयार होणाऱ्या पेशी म्हणजे टी-पेशी. 1974 मध्ये कॅनबेरात रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी (डोहर्टी मूळचे पशुवैद्य) यांनी दाखवले, की टी-पेशी सुटा विषाणू ओळखत नाही. आपल्याच पेशीने पृष्ठभागावर मांडलेला विषाणूचा तुकडा ओळखते. ज्या साधनाने ओळखते त्या ग्राहीचे जनुक 1984 मध्ये हाती आले.

आता मुख्य कोडे. जगात उद्या कोणता विषाणू येईल हे शरीराला ठाऊक नसते, मग त्याच्यासाठी ग्राही आधीच तयार कसे? उत्तर असे, की शरीर अंदाज बांधतच नाही. थायमसमध्ये प्रत्येक पेशी जनुकांचे मोजके तुकडे यदृच्छेने जोडते, सांध्यात काही अक्षरे घालते-गाळते, आणि स्वतःचा निराळा ग्राही घडवते. शक्य जोडण्या एकावर पंधरा शून्ये किंवा त्याहूनही अधिक. प्रत्यक्ष माणसात किती? 1999 चा एक अंदाज किमान अडीच कोटी वेगवेगळ्या ग्राहींचा होता. नंतरचे अंदाज आणखी वर गेले. निरुपयोगी आणि स्वतःवरच उलटू शकणाऱ्या बहुसंख्य पेशी थायमसमध्येच मरतात. उरलेल्यांपैकी ज्यांचा ग्राही आलेल्या विषाणूला जुळतो, त्या हजारो पटींनी वाढतात. साथ सरली की त्यांतल्या थोड्या मागे राहतात. ऑस्ट्रेलियाच्या मॅकफार्लेन बर्नेट यांनी 1957 मध्येच निवडीचा हा सिद्धांत मांडला होता, ग्राही कोणी पाहण्याच्या आधी.

जैन न्यायात स्मृती आणि प्रत्यभिज्ञान ही दोन वेगळी प्रमाणे मानली आहेत : आठवणे वेगळे आणि समोर आलेले 'हे तेच' म्हणून ओळखणे वेगळे. टी-पेशीला मी दुसऱ्या खात्यात घालीन.

म्हणूनच 'इम्युनिटी वाढवायच्या गोळ्या द्या' असे 2020 पासून ऐकू येऊ लागले, तेव्हा मला पानुमचे म्हातारे आठवत. गोळी टाकून भरावी अशी एकच टाकी शरीरात नसते. गोवराची ओळख गोवर करून देतो किंवा त्याची लस. आमच्या पॅथीची पुडी ते काम करत नाही. होमिओपॅथ म्हणून हे सांगितलेले आमच्यातल्या काहींना रुचत नाही, पण फेरोचा दाखला खोडता येत नाही.

पानुमच्या निष्कर्षाला अलीकडे दुजोरा मिळाला तो दुसऱ्याच विषाणूकडून. 2003 मध्ये सार्समधून वाचलेल्यांचे रक्त सिंगापूरमध्ये 17 वर्षांनी तपासले, तेव्हा त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी अजून सापडल्या. दरम्यान सार्स जगातून केव्हाच नाहीसा झालेला होता.

गोवराची दुसरी बाजू मात्र पानुमला दिसणे शक्य नव्हते. हा विषाणू शिरतो तो स्मरण राखणाऱ्या पेशींमध्येच. 2019 मध्ये नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या 77 मुलांचे साथीपूर्वीचे आणि नंतरचे रक्त ताडून पाहिले, तेव्हा इतर रोगांविरुद्ध आधी कमावलेल्या प्रतिपिंडांच्या भांडारातला 11 ते 73 टक्के हिस्सा गोवराने पुसून टाकलेला आढळला. स्वतःची ओळख जन्मभर ठेवून जाणारा हा पाहुणा जाताना इतरांच्या ओळखी घेऊन जातो. लस घेतलेल्या मुलांत असे काही पुसले गेलेले दिसले नाही.