127 अंशांत वाचलेला डॉक्टर आणि 38 अंशांतलं खारघर

आजचा भाग जरा घामट आहे. वळच्या गोदामांत दुपारच्या शिफ्टला एक इअरफोन लावून ऐकणाऱ्यांसाठी खास.

लंडन, 1774. चार्ल्स ब्लॅग्डेन नावाचा डॉक्टर मित्रांसोबत भट्टीसारख्या तापवलेल्या खोलीत शिरायचा. एका फेरीत पारा 127 अंश सेल्सिअसच्या आसपास होता. आतली अंडी भाजून घट्ट झाली, मांसाचा तुकडा शिजला, आणि ब्लॅग्डेन काही मिनिटांनी चालत बाहेर आला! अंगाचा ताप नेहमीसारखाच.

त्यांनी तिथे पाणीही ठेवलं होतं. ते उकळेना. वर तेल टाकलं, तेव्हा उकळलं. का? उघडं पाणी वाफ होता होता स्वतःला गार ठेवत होतं, तेलाने ती वाट बंद केली. आपल्या माठाचंच गणित.

घामाचंही तेच. मेंदूतला हायपोथॅलॅमस रक्ताचं तापमान सतत तपासतो. 37 च्या वर सरकलं की कातडीकडे जास्त रक्त धाडतो, घाम सोडतो; उतरलं की आवरतं घेतो. फीडबॅक लूप! अशा समतोलाला होमिओस्टॅसिस हे नाव हार्वर्डच्या वॉल्टर कॅननने 1926 मध्ये दिलं.

आता 16 एप्रिल 2023, खारघर. महाराष्ट्र भूषण सोहळा, उघडं मैदान, तासन् तास ऊन. तापमान सुमारे 38. उष्माघाताने 14 जण गेले.

127 मध्ये माणूस वाचतो आणि 38 मध्ये जातो, कारण लंडनच्या त्या खोलीतली हवा कोरडी होती आणि मुक्काम मिनिटांचा. आपल्याकडची खाडीची दमट हवा म्हणजे पाण्यावरचं तेल. लूपमध्ये बग नसतो, बरं का. तो आणखी घाम सोडतो, पण घाम वाळत नाही, नुसता निथळतो. शरीरातलं पाणी घटतं, रक्त कमी पडतं, हृदय दमतं, मग कातडीचा रक्तपुरवठाच कापला जातो. ताप अजून चढतो. सावरणारा लूप उलटा फिरतो.

पत्र्याखाली पोती उचलणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पण एक गोष्ट मुकादमांनी ऐकावी. शरीर उन्हाळ्याला सरावायला एक-दोन आठवडे घेतं. मग घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि त्यातून मीठ कमी जातं. मे महिन्यात नवीन लागलेल्या पोराकडे हा सराव नसतो. त्याला पहिल्याच दिवशी पूर्ण गाडी खाली करायला लावू नका.