हळदीची साक्ष

नेपानगर म्हणजे कागदाचे गाव. वर्तमानपत्राचा कागद करणारा देशातील पहिला कारखाना येथे उभा राहिला आणि १९५६ साली पंतप्रधान नेहरूंनी तो राष्ट्रास अर्पण केला. कागदाचे मोल जाणणाऱ्या या गावाच्या नावाने आम्ही आज हळदीची कथा सांगू इच्छितो. कारण हळदीचा एक मोठा वाद अखेर कागदानेच जिंकला.

हळद कोठे नाही? वरणात चिमूटभर, लोणच्यात मूठभर. श्रावण-भाद्रपदात गोमंतकात व कोकणात हळदीच्या पानावर तांदळाचे पीठ थापून, आत गूळखोबरे घालून पातोळ्या उकडतात. त्या पानाचा सुगंध हाच त्या पक्वान्नाचा प्राण होय. हळदीवर चुन्यासारख्या क्षाराची क्रिया झाली की ती तांबडी होते, आणि याच गुणामुळे सौभाग्याचे कुंकू परंपरेने तिच्यापासूनच घडते. जेजुरीस खंडेरायाच्या पायऱ्यांवर तोच पिवळा भंडारा उधळला जातो. सांगलीजवळ हरिपूरच्या शेतकऱ्यांनी हळकुंडे जमिनीतील पेवांत साठविण्याची कला पिढ्यान्‌पिढ्या जतन केली. २००५ च्या महापुरात त्या पेवांची मोठी हानी झाली; पुढे २०१८ साली सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळाले.

औषध म्हणूनही तिची प्रतिष्ठा प्राचीन आहे. चरकसंहितेत कुष्ठघ्न व विषघ्न द्रव्यांत हरिद्रेची गणना आहे. बोट कापले की हळद दाबावी, हे आमच्या घरांत कोणी शिकवावे लागत नाही.

परंतु १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. जे आजीच्या डब्यात होते, त्यावर परक्या देशात मालकी सांगितली गेली! भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ साली त्यास आव्हान दिले. तिचे तत्कालीन महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर हे गोमंतकातील माशेलचे सुपुत्र, हे वाचकांस ठाऊकच असेल.

तेथे 'आमच्या घरी असेच करतात' हे सांगणे पुरेसे नव्हते. लिखित व प्रसिद्ध झालेला पुरावा हवा होता. परिषदेने बत्तीस संदर्भ सादर केले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते, तसाच १९५३ साली भारतीय वैद्यक संघाच्या नियतकालिकात छापलेला लेखही होता. १९९७ साली पेटंट कार्यालयाने ते सर्व दावे फेटाळले. या प्रकरणाचा धडा घेऊन २००१ साली पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय संग्रह उभारण्याचे कार्य हाती घेण्यात आले.

याचा अर्थ हळद सर्व रोगांवरील रामबाण ठरली, असा मात्र नव्हे. तिच्यातील कर्क्युमिन शरीरात फार अल्प शोषले जाते, आणि मोठ्या व्याधींवरील अनेक दावे अद्याप सिद्ध व्हावयाचे आहेत. अभिमानाने विवेक झाकू नये.

तरीही एक गोष्ट आम्हांस आग्रहाने सांगावीशी वाटते. हळदीस ग्रंथांची साक्ष मिळाली. पण आमच्या देवस्थानांतील नैवेद्याच्या रीती, सुइणींचे लेप, गावोगावचे काढे यांपैकी कितीतरी ज्ञान अद्याप केवळ मुखी आहे. ज्या वृद्ध स्त्रीला ते ठाऊक, तिच्याबरोबर ते जाते. म्हणून ज्यांच्या घरी अशा आठवणी आहेत, त्यांनी तिथी, स्थळ व प्रमाण यांसह त्या आजच कागदावर उतरवाव्यात. देव्हाऱ्यातील हळदीच्या करंड्याशेजारी एक वहीही असावी.