लांडगा आला रे आला!

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट वर्गात मी वीस वर्षे सांगत आलो आहे. खोटे ओरडणाऱ्या पोराची शेवटी फजिती होते, हे तिचे तात्पर्य. पण गेल्या दिवाळीत मावशीकडे फराळाला गेलो आणि या तात्पर्यावरचा माझा विश्वास डळमळला.

मावशीचा मुलगा परदेशी. त्याचे तोंड दिसावे म्हणून घरात संगणक आला. एके दुपारी त्याचा पडदा लालभडक झाला, भोंगा वाजू लागला. ‘व्हायरस शिरला आहे, ताबडतोब या नंबरावर फोन करा!’ फोनवरचा तरुण तिला ‘आई’ म्हणाला. बत्तीस हजार रुपये गेले. महिनाभर तिने ब्र काढला नाही. “लोक हसतील रे,” एवढेच म्हणाली.

मला हसू आले नाही. ही लबाडी निघाली कोठून, याचा मी शोध घेऊ लागलो.

१९९४ साली अमेरिकेत एक पत्र संगणकांवरून फिरले. ‘गुड टाइम्स’ नावाचा संदेश उघडू नका, तो सारी साठवण पुसून टाकतो! असा व्हायरस नव्हताच. पण भल्या माणसांनी आप्तेष्टांच्या काळजीपोटी ती अफवा हजारोंना पोचवली. २००१ मध्ये लबाडी एक पायरी पुढे गेली. विंडोजमधल्या एका निरुपद्रवी फाइलचे नाव देऊन ‘हा व्हायरस आहे, पुसून टाका’ असे पत्र आले, आणि लोकांनी आपल्याच हाताने ती पुसली.

तोवर यात कोणाला दमडी मिळत नव्हती. पुढे भीतीचे दुकान निघाले. ‘विनफिक्सर’सारख्या मालाच्या जाहिराती खोटी तपासणी दाखवून, नसलेल्या रोगावर औषध विकीत. त्या टोळीने दहा लाखांहून अधिक ग्राहकांना फसवले, असा अमेरिकन सरकारचा आरोप होता. २०१२ साली तिथल्या न्यायालयाने १६ कोटी डॉलरांवर भरपाई ठोठावली. त्याच वर्षी फोनवरून असाच धंदा करणाऱ्या सहा टोळ्यांवर कारवाई झाली. त्यांतल्या बहुतेक भारतातून चालत होत्या, हे वाचून मान खाली गेली.

त्यांची युक्ती साधी असते. प्रत्येक संगणक किरकोळ चुकांची नोंद ठेवतो. त्या नोंदींतल्या लाल-पिवळ्या खुणा दाखवून ‘हाच व्हायरस’ म्हणायचे आणि दुरुस्तीच्या नावाखाली संगणकाचा ताबा घ्यायचा.

म्हणून, वाचकहो, एवढे ध्यानात ठेवा. खरा इशारा फोन नंबर देत नाही आणि धाकदपटशा करीत नाही. असा पडदा दिसला तर नंबर फिरवू नका. खिडकी बंद करा, नाहीतर संगणकच बंद करून पुन्हा चालू करा. ताबा दिलाच असेल तर इंटरनेट तोडा, बँकेला कळवा, दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर १९३० या सरकारी क्रमांकावर लगेच तक्रार करा. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी. मावशीचा महिना लाजेतच गेला होता.

भाऊबीजेला सारे जमले तेव्हा मावशीने आपणहून ती हकीकत सांगितली. कोणी हसले नाही. उलट धाकटा मेहुणा हळूच म्हणाला, “माझेही गेले होते.”

आता वर्गात ती गोष्ट सांगताना मी मुलांना विचारतो, “ओरडणाराच लांडगा असेल तर?”