सायकल-अपघात, पुणे शहरातील

शहरातील मिश्र वाहतुकीतून सायकलीने ये-जा करणाऱ्यास पडल्यामुळे किंवा अन्य वाहनाशी टक्कर होऊन जी इजा होते अथवा मृत्यू येतो, त्यास स्थूलमानाने सायकल-अपघात म्हणतात. विसाव्या शतकात ‘सायकलींचे शहर’ अशी ख्याती पावलेल्या पुण्याचा इतिहास या विषयाच्या अभ्यासास विशेष उपयुक्त आहे. कारण तेथे सायकल ही प्रथम बहुसंख्यांचे आणि पुढे अल्पसंख्यांचे वाहन झाली, आणि या पालटाबरोबर अपघाताचे स्वरूपही पालटले.

पूर्वपीठिका : जुन्या पेठा, लष्कर, डेक्कन जिमखाना व खडकी हे भाग परस्परांपासून फार दूर नव्हते आणि मधल्या रस्त्यांना चढउतारही बेताचाच होता. त्यामुळे विद्यार्थी, कारकून, दूधवाले आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील (स्थापना 1869) कामगार यांना सायकल सोयीची व परवडणारी ठरली. ज्यांच्यापाशी स्वतःची नसे, त्यांना ती तासाच्या भाड्याने मिळत असे. नगरपालिका सायकलींवर कर बसवी व तो भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला देई. बिल्ला नसणे, रात्री दिवा नसणे आणि डबलसीट बसणे हे कसूर मानले जाऊन त्यांबद्दल पोलीस सायकलस्वारास अडवीत. त्या काळच्या नियमनाचा रोख अशा रीतीने मुख्यतः स्वाराच्या वर्तनावर होता. आणि रस्त्यावरील बहुतेक वाहने सारख्याच वजनाची व वेगाची असल्यामुळे तेवढ्याने काम भागतही असे.

पालट : 1972 मध्ये बाजारात आलेल्या लूना व बजाज चेतक या वाहनांनी मध्यमवर्गीयांची सायकल हळूहळू घराच्या जिन्याखाली नेऊन ठेवली. शहराची हद्द वाढत गेली, कामाची ठिकाणे दूर गेली, आणि 2011 च्या जनगणनेत महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या 31 लाखांवर पोहोचली. तथापि सायकल नाहीशी झाली नाही. याच जनगणनेप्रमाणे देशात शेती व घरगुती उद्योग वगळता अन्य काम करणाऱ्यांपैकी सुमारे 13 टक्के लोक कामावर सायकलीनेच जात होते. पुण्यातही पहारेकरी, बांधकामावरील मजूर व वृत्तपत्रे टाकणारी मुले यांच्याकडे ती राहिली. अलीकडे व्यायामार्थी व पर्यावरणप्रेमी नागरिकांची त्यांत भर पडली आहे.

अपघातांचे प्रकार : सर्वांत घातक प्रकार चौकात घडतो. बस, मालमोटार किंवा सिमेंट-मिश्रकाची गाडी सायकलीला मागे टाकून लगेच डावीकडे वळते. डाव्या कडेने सरळ जाणारा सायकलस्वार चालकाच्या आरशात न दिसणाऱ्या भागात असतो व मागील चाकाखाली सापडतो. दुसऱ्या प्रकारात उभ्या मोटारीचे दार अकस्मात उघडते. ते चुकविण्यासाठी स्वार उजवीकडे झुकतो व मागून येणाऱ्या वाहनाच्या पुढ्यात जातो. गटारावरील जाळीचे गज रस्त्याच्या दिशेने बसविलेले असल्यास सायकलीचे अरुंद चाक त्यांच्या फटीत अडकते, आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. पडताना हात आपसूक पुढे येत असल्याने मनगट व गळ्यालगतचे हाड मोडणे ही अशा पतनाची नेहमीची निष्पत्ती होय. जुन्या डायनॅमोच्या दिव्याचा दोष असा, की तो चाक फिरत असेपर्यंतच जळतो. म्हणजे चौकात थांबताच स्वार अंधारात जातो. अन्य वाहनाशी संबंध नसलेल्या पतनाची फिर्याद वा पंचनामा बहुधा होत नाही, आणि त्यामुळे सरकारी दप्तरातील संख्या इजांच्या वास्तव संख्येहून कमी भरते.

उपाययोजना : कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर 2006 मध्ये सुरू झालेल्या जलद बस योजनेच्या आगेमागे काही रस्त्यांलगत सायकलमार्ग बांधण्यात आले, व डिसेंबर 2017 मध्ये महानगरपालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. परंतु अनेक मार्ग बसथांबे, विजेच्या पेट्या, उभी वाहने व विक्रेत्यांची मांडामांड यांनी खंडित झालेले आहेत. शिवाय जेथे धोका सर्वाधिक, त्या चौकाच्या तोंडाशीच ते बहुधा संपतात.

कायदा : 1988 च्या मोटार वाहन कायद्यात सायकल ही मोटार वाहन नसल्याने तिला परवाना लागत नाही व स्वारास शिरस्त्राणाची सक्तीही नाही, मात्र मोटार वाहनाने जखमी केलेल्या सायकलस्वारास वा मृताच्या वारसांस दावा-न्यायाधिकरणाकडे नुकसानभरपाई मागता येते. धडक देऊन पळालेले वाहन न सापडल्यास मृत्यूबद्दल 2 लाख व गंभीर दुखापतीबद्दल 50 हजार रुपये देण्याची तरतूद 2022 पासून अमलात आहे.

मीमांसा : शिरस्त्राणाने डोक्याच्या इजेची तीव्रता घटते, पण टक्कर टळत नाही. ताशी 50 किलोमीटर वेगाच्या वाहनाची गतिज ऊर्जा ताशी 30 किलोमीटर वेगाच्या त्याच वाहनाच्या सुमारे पावणेतीनपट असते. यास्तव जेथे सायकल व मोटार एकत्र चालणे अपरिहार्य आहे तेथे वेग कमी राखणे, आणि जेथे वेग अपरिहार्य आहे तेथे सायकलीस चौक ओलांडेपर्यंत अखंड स्वतंत्र मार्ग देणे, हेच उपाय मूलगामी ठरतात. बिल्ला, दिवा व डबलसीट यांच्या काळातील नियमन स्वारास शिस्त लावून थांबले. आजच्या असमान वाहतुकीत तेवढे पुरेसे नाही, कारण त्याच्या जिवाचा धोका बहुतांशी त्याच्या हाताबाहेरच्या वजनात व वेगात आहे.