बाळगोळी

वर्गात पेंगणाऱ्या पोराला गुरुजी सहज विचारतात, "काय रे, अफूची गोळी खाल्लीस की काय?" पोरे हसतात. पण एके काळी मुंबईच्या गिरणगावात ही गोळी खरोखरच तान्ह्या मुलाच्या तोंडात जात असे. आणि देणारी असे आईच.

बाजारात तिला बाळगोळी म्हणत. १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स या बाईंनी सरकारतर्फे गिरणीतल्या कामकरी बायकांच्या बाळंतपणाची पाहणी केली. त्यांना आढळले की, या बायकांच्या शंभरांतील ९८ तान्ह्यांना अफू दिली जाते. शंभरांत ९८! म्हणजे न देणारी आईच शोधावी लागेल.

तुम्ही म्हणाल, काय ही अडाणी माणसे! थांबा. जरा त्या बाईचा दिवस डोळ्यांपुढे आणा. कोकणातून नाही तर घाटावरून आलेली. त्या वेळच्या कायद्याने बायकांना दिवसाला ११ तासांपर्यंत राबवता येई. त्याआधी पाणी भरायचे, भाकऱ्या थापायच्या. परतल्यावर पुन्हा चूल आहेच. सासू गावी. शेजारची म्हातारी मूल सांभाळील, पण ते भुकेने रडले तर पाजणार कोण? आणि रात्रभर मूल जागले, तर सकाळी भोंगा झाल्यावर ही यंत्रापुढे उभी कशी राहणार?

अफूने मूल नुसते झोपत नाही बरे का. भूक मरते, पोट बांधले जाते, श्वास मंदावतो. रडत नाही म्हणून पीत नाही; पीत नाही म्हणून आईचे दूधही आटते. मात्रा जरा चढली, की मूल जागेच होत नाही. १९ व्या शतकात इंग्लंडच्या गिरणीगावांतही 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नावाचे अफूचे गोड औषध पाजत. आपल्याकडे शेतावर जाणाऱ्या मजूर बायकाही अफूचा कण देत. तेव्हा दोष एकट्या शहराचा नाही.

नुसत्या उपदेशाने ही चाल सुटली नसती, असे माझे मत आहे. थकलेल्या माणसाला उपदेश काय करायचा? मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा १९२९ साली झाला. कौन्सिलात त्याच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२८ मध्येच बोलले होते. १९३४ मध्ये कामाचे तास १० वर आले. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५० हून अधिक बायका असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले, आणि मधून मधून मुलाला पाजण्याची सोयही. १९७६ मध्ये ५० चा आकडा ३० वर आला.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कायदे वाढले, तशा गिरण्यांतल्या बायका कमी होत गेल्या. नवी यंत्रे हे एक कारण; भत्ता आणि पाळणाघर यांचा खर्च नको, हे दुसरे. काम सुटलेल्या कितीएकींनी मग राहत्या खोलीतच कामगारांची खाणावळ मांडली. तेथे मूल जवळ होते, पण कामाचे तास मोजणारे कोणी नव्हते.