थंडीत गाडी का अडते?

डिसेंबरातली पहाट. घाटमाथ्यावरच्या ढाब्यापुढे रात्रभर उभा असलेला ट्रक. ड्रायव्हर सेल्फ मारतो, इंजिन कण्हत चार फेरे घेते आणि गप्प बसते. मग क्लीनर कुठूनसा चिंध्यांचा बोळा आणतो, काठीला गुंडाळून पेटवतो आणि खाली शिरून तेलाच्या चेंबरला शेक देतो. हे दृश्य आमच्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. पेट्रोलच्या गाडीला असा शेक द्यावा लागल्याचे फारसे कोणी पाहिलेले नसेल. असे का? याचे उत्तर शोधायला शंभराहून अधिक वर्षे मागे, जर्मनीतल्या औग्सबुर्ग गावी जावे लागते.

रुडॉल्फ डिझेल (१८५८–१९१३) हा म्युनिकला कार्ल फॉन लिंडे यांचा विद्यार्थी होता. लिंडे म्हणजे शीतयंत्रे बनवणारे संशोधक. थंडी निर्माण करणाऱ्याच्या वर्गात उष्णतेच्या इंजिनाची कल्पना सुचावी, ही गंमतच! वाफेचे इंजिन कोळशातली बहुतेक उष्णता वाया घालवते, हे डिझेलला वर्गातच समजले होते. आग्नेय आशियात विस्तव पेटवण्यासाठी एक दट्ट्याची नळी वापरत. दट्ट्या झटक्यात आत ढकलला की नळीतली हवा तापते आणि टोकाचा कापूस पेटतो. डिझेलने अशी नळी विद्यार्थिदशेत पाहिली होती, असे सांगतात. सायकलला हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम लागते, तोच हा प्रकार. दाबलेल्या हवेतच इंधन सोडले तर ठिणगीची गरजच काय, हा त्याचा विचार. १८९३ मध्ये त्याला पेटंट मिळाले.

१० ऑगस्ट १८९३ रोजी औग्सबुर्गच्या कारखान्यात पहिली चाचणी झाली. इंजिन स्वतःहून फिरत नव्हते, कारखान्याच्या दांड्याला जोडलेल्या पट्ट्याने ते फिरवले जात होते. इंधन आत सोडताच ते पेटले, मोठा स्फोट झाला आणि दाब मोजणारे उपकरण फुटून उडाले. इंजिन चालले नाही, पण केवळ दाबलेल्या हवेने इंधन पेटते, हे मात्र सिद्ध झाले. १७ फेब्रुवारी १८९४ ला इंजिन जेमतेम मिनिटभर आपले आपण फिरले. पट्ट्याची ओढीची बाजू सैल पडली, म्हणजे आता दांडा इंजिनाला नव्हे तर इंजिन दांड्याला ओढत होते! १८९७ मध्ये प्राध्यापक श्रोटर यांनी रीतसर मोजमाप केले, तेव्हा इंधनातल्या उष्णतेपैकी २६.२ टक्के उष्णतेचे काम झालेले आढळले. त्या काळी हा आकडा थक्क करणारा होता.

या यशात थंडीचा प्रश्न कुठेच दिसत नाही, आणि त्याला कारण आहे. ही इंजिने खोलीएवढी मोठी होती, छपराखाली बसवलेली होती आणि साठवलेल्या दाबाच्या हवेने सुरू केली जात. थंडी आडवी आली ती इंजिनाला चाके लागल्यावर. १९२३–२४ च्या सुमारास बेंझ आणि एम. ए. एन. या जर्मन कारखान्यांनी डिझेलवर चालणारे ट्रक बनवले आणि इंजिन रात्रभर उघड्यावर उभे राहू लागले. शिवाय ते आकाराने लहान झाले होते. मोठ्या पातेल्यातला चहा कपातल्या चहापेक्षा उशिरा निवतो, हे मुलांना ठाऊक असते. लहान सिलिंडरमध्ये हवेच्या मानाने भिंतीचा पृष्ठभाग जास्त, म्हणून दाबून मिळवलेली उष्णता भिंतच गिळून टाकते.

थोडे गणित करून पाहू. हवा अठरापट दाबली, तर तिचे निरपेक्ष तापमान साधारण पावणेतीनपट होते असे धरू. बाहेर ३० अंश सेल्सिअस, म्हणजे ३०३ केल्विन असेल, तर आतली हवा ८३३ केल्विन, म्हणजे ५६० अंशांवर जाते. बाहेर उणे २० असेल, तर २५३ केल्विनची ६९६ केल्विन, म्हणजे ४२३ अंश. बाहेरचा ५० अंशांचा फरक आत जाऊन १३७ अंशांचा झाला! (सेल्सिअसलाच पावणेतीनने गुणले, तर उणे २० वाढून उणे ५५ होतील. केल्विन मोजपट्टी कशासाठी, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हे उदाहरण राखून ठेवावे.) पण खरा घोटाळा पुढे आहे. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. उणे १८ च्या सुमारास तिची ताकद निम्म्यावर येते, आणि नेमके त्याच वेळी वंगणतेल काकवीसारखे घट्ट झालेले असते. इंजिन हळू फिरते, हवेला रिंगांमधून निसटायला आणि निवायला वेळ मिळतो. पावणेतीनपट ऐवजी दुप्पटच झाली, तर हाती राहतात फक्त २३३ अंश. तेवढ्याने फवारा पेटायच्या आतच दट्ट्या खाली निघून जातो.

यावर माणसाने काय काय केले! हर्बर्ट ॲक्रॉइड स्टुअर्टच्या १८९० च्या इंजिनात तर सुरुवातीला एक गोळा बाहेरून ब्लोलॅम्पने काही मिनिटे तापवावा लागे. बेंझच्या प्रॉस्पर लोरांझने सिलिंडरच्या डोक्याला एक छोटा पूर्वकक्ष जोडला. त्याने ज्वलन सुधारले, पण निवणारी भिंत आणखी वाढली. म्हणून त्यात विजेने लाल होणारी तार बसवावी लागली. तीच आपल्या मेकॅनिकची ‘हीटर प्लग’. १९५४ पासून जमशेदपूरला जर्मन सहकार्याने जे ट्रक बनू लागले, त्यांची मूळ इंजिनेही याच पूर्वकक्षाच्या जातीची होती. रशियाच्या टी–३४ रणगाड्यात बॅटरीने हात टेकले तर उपयोगी पडावेत म्हणून दाबाच्या हवेचे नळकांडे असे. आपल्याकडच्या विहिरीवरच्या इंजिनाची युक्ती मात्र आम्हाला सगळ्यांत आवडते. लिव्हरने झडप उघडी ठेवायची, हॅन्डल मारून जड चाकाला वेग द्यायचा आणि मग लिव्हर सोडायचा. चाकात साठवलेली ऊर्जा एका झटक्यात हवा दाबते. वेग हीच उष्णता, हे त्या शेतकऱ्याला कोणी शिकवलेले नसते.

आता त्या घाटातल्या ट्रककडे परत येऊ. दोष शोधताना जाणता मेकॅनिक आधी धुराड्याकडे पाहतो. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल, तर डिझेल आत पोचते आहे पण पेटत नाही. म्हणजे उष्णता कमी पडते आहे: हीटर प्लग, बॅटरी, घट्ट तेल किंवा झिजलेल्या रिंगा. धूर अजिबातच नसेल तर डिझेल पोचतच नाही, आणि तो निराळा रोग. डिझेलमध्ये मेण असते. थंडीत त्याचे स्फटिक होऊन फिल्टर चोक होतो. अशा गाडीला हीटर प्लग कितीही तापवून उपयोग नाही, फिल्टर आणि नळी गरम पाण्याच्या फडक्याने शेकली तरच काही होईल. ईथरचा फवारा मारण्याची पद्धतही आहे. पण ईथर सुमारे १६० अंशांवरच पेटते, त्यामुळे तापलेल्या हीटर प्लगवर ते मारले तर दट्ट्या फुटू शकतो, आणि फवारा मारणाऱ्याचा हातही भाजतो. पेटत्या बोळ्याची तीच गत. डिझेल टाकीच्या आसपास तो नेणे हा जिवाशी खेळ आहे.

आपल्या देशात या मेणाची खरी झळ लडाखला बसते. भारतीय मानकानुसार साध्या डिझेलचा गोठणबिंदू हिवाळ्यात ३ अंश, उन्हाळ्यात १५ अंशांपर्यंत चालतो. महाराष्ट्रात ते पुरेसे आहे, लेहमध्ये नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने पानिपतच्या शुद्धीकरण कारखान्यात बनवलेले, उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास डिझेल लडाखमध्ये विकायला आणले. त्यामुळे फिल्टर मोकळा राहतो. हवा तापवण्याचे काम मात्र अजूनही बॅटरीकडे, हीटरकडे आणि दट्ट्याच्या वेगाकडेच आहे.